एकेचाळीस नंबरचं शीट

१

मंगळवारी सकाळी राष्ट्रीय ग्रंथालयाच्या नकाशा विभागात एकेचाळीस नंबरच्या शीटचा लिफाफा उघडला, तर आत कोरा कागद निघाला.

तासाभराने मला फोन आला. विभागाचे प्रमुख, ज्यांना सगळे नुसतं साहेब म्हणतात, ते बोलत होते. ताबडतोब या म्हणाले. आवाज मी पहिल्याच शब्दाला ओळखला, तरी दोनदा विचारलं, कोण बोलतंय? त्यांना स्वतःचं नाव सांगावं लागलं. तेवढ्यानेसुद्धा मला बरं वाटलं.

त्या विभागात मी तेवीस वर्षं काढली. झाडू मारायला लागले आणि पुढे फाटके नकाशे जोडायला बसले. अकरा वर्षांपूर्वी किनारपट्टीच्या एका जुन्या नकाशाचा कोपरा कापलेला सापडला. साहेब तेव्हा उपप्रमुख होते. ते म्हणाले, इथे पातं फक्त या बाईंच्या हातात असतं. माझी पिशवी सगळ्यांसमोर मोठ्या टेबलावर उलटी केली. डबा निघाला, चष्मा निघाला, सुईदोरा निघाला, कोपरा काही निघाला नाही. तरी दुसऱ्या दिवशी मला दारातून आत घेतलं नाही. तेव्हापासून मी डूख धरून होते. त्यांची पिशवी त्याच टेबलावर उलटी झालेली बघायची, एवढी एकच इच्छा मनात उरली होती.

साहेबांच्या खोलीत त्यांनी मला बसा म्हटलं. मी उभीच राहिले.

मामला असा होता. नदीकाठी एक वस्ती आहे. तिच्याखाली चांगला दगड आहे आणि खाणवाल्यांना तो हवा आहे. ते म्हणतात, ही माणसं काल-परवा येऊन बसली, इथे पूर्वी घरं नव्हतीच. एकेचाळीस नंबरचं शीट नव्वद वर्षांपूर्वीच्या मोजणीचं. त्यात त्या काठावर बासष्ट घरं, विहीर आणि शाळा हाताने काढलेली आहेत. गेल्या वर्षी ग्रंथालयाने ते स्कॅन करून आजच्या नकाशावर बसवलं. आता कुणीही फोनवर बघावं, जुनी घरं आजच्या जोत्यांवर बरोबर येऊन बसतात. पण खाणवाल्यांचा वकील म्हणाला, पडद्यावर काय वाटेल ते दाखवता येतं, अस्सल कागद आणा. वस्तीचा वाद ऐकणाऱ्या आयोगापुढे सुनावणी गुरुवारी अकराला होती. आयोगाने बजावलं होतं की यापुढे तारीख मिळणार नाही.

पोलीस बोलावले तर बातमी फुटेल आणि माझी नोकरी जाईल, असं साहेब म्हणाले. कागद तुमच्याइतका कुणाला कळत नाही, हेही म्हणाले. ते म्हणताना खिडकीकडे बघत होते.

कोणी नेलं ते शोधते, असं मी सांगितलं. मनात म्हटलं, ते तुम्हीच असलात तर देवच पावला.

२

पहिलं काम मी केलं ते शीट इमारतीत आहे की बाहेर गेलं ते ठरवण्याचं. ते शीट जेवणाच्या टेबलाएवढं. कागद जुना, घडी घातली की मोडणार. गुंडाळी करून न्यावं तर दारावर प्रत्येकाची झडती होते. ही झडती माझ्या प्रकरणानंतरच सुरू झाली होती. म्हणजे शीट आतच होतं.

मग कोरा कागद पाहिला. जाड, पांढरा, एकेचाळीस नंबरच्या मापाचा कापलेला. लिफाफा उचलला तर हाताला वजन तेवढंच लागावं, म्हणून घातलेला. असा कागद विभागात कुणाकडे असतो, असं मी सगळ्यांदेखत विचारलं. स्कॅनिंगच्या काचेवर बसणारा गृहस्थ, ज्याला सगळे काचवाला म्हणतात, हळूच म्हणाला की साहेब तक्ते काढतात त्याचाच वाटतो.

मी म्हटलं, साहेबांचे खण रिकामे करावे लागतील. मोठ्या टेबलावर.

ते लालबुंद झाले. पण मला बोलावलं कोणी? त्यांनीच. एकेक खण टेबलावर पालथा झाला. गोळ्यांच्या पट्ट्या, जुनी निमंत्रणं, केसांना लावायच्या काळ्या रंगाची बाटली, आणि शेवटी तक्त्यांच्या लांबरुंद खणातून तसल्याच जाड पांढऱ्या कागदाची चळत. काळ्या रंगाची बाटली मी मुद्दाम उभी करून ठेवली. कपाटाच्या किल्ल्या दिवसभर साहेबांच्या खोलीत खुंटीला. शीट शेवटचं बाहेर काढल्याची नोंद गेल्या आठवड्यातल्या बुधवारची, खाली सही साहेबांची.

एवढ्यावर मला थांबता आलं असतं. पण सवय वाईट. कोऱ्या कागदाची कड मी भिंगाखाली धरली. कड एका ओढीत कापलेली नव्हती. पोलादी पट्टी दाबून, पातं दोन हलक्या ओढींत फिरवलं होतं, कडेवर दोन बारीक पायऱ्या दिसत होत्या. साहेबांना पाकीटसुद्धा सरळ फाडता येत नाही.

मी भिंग खाली ठेवलं. हे मला दिसलंच नाही, असं ठरवून टाकलं.

३

दुपारभर माणसांशी बोलले.

मोजणीदार रोज वाचनाच्या टेबलावर येऊन बसायचे. सरकारी मोजणी खात्यातून निवृत्त झालेले, आता खाणवाल्यांच्या बाजूने साक्ष देणारे. संशय घ्यायला इतका सोयीचा माणूस दुसरा नव्हता. पण वाचकाला कपाटापर्यंत जाता येत नाही, आणि त्यांना माझा प्रश्न विशेष झोंबला. म्हणाले, वकील काय बोलतो ते वकील बघेल, मी उभ्या जन्मात माप खोटं सांगितलेलं नाही. आणि पाठ फिरवून पुन्हा वाचत बसले.

काचवाला बोलका. त्याच्या काचेखालून विभागातलं प्रत्येक शीट गेलेलं. मशीन प्रत्येक शीटची लांबी-रुंदी मिलिमीटरच्या दहाव्या भागापर्यंत नोंदवून ठेवतं, नाहीतर जुना नकाशा नव्यावर बसतच नाही, असं तो कौतुकाने सांगत होता. मध्येच आवाज उतरवून म्हणाला, "मावशी, तुम्हाला एक दाखवायचंय. बघितल्यावर मला बोल लावू नका."

त्याने पडद्यावर किनारपट्टीचा नकाशा आणला. तोच, कापलेल्या कोपऱ्याचा. कापलेली कड पन्नास पट मोठी केली. कागदाच्या तंतूंमध्ये एक हिरवी रेघ मुरलेली दिसत होती. शाई सांडली होती आणि डाग लपवायला कोपरा कापला होता, पण पातं केसभर अलीकडे फिरलं होतं. हिरवी शाई विभागात एकच माणूस वापरतो. सह्या करायला.

मी विचारलं, हे आणखी कुणी पाहिलंय? तो म्हणाला, चिमटीने, तीन महिन्यांपूर्वी. हा नकाशा तिनेच साफ करून दिला होता. ती साहेबांच्या खोलीत गेली, बाहेर आली, आणि तेव्हापासून आमच्यात डबा खायला बसत नाही.

चिमटी म्हणजे माझ्या जागी बसलेली पोरगी. सतत हातात चिमटा, म्हणून चिमटी. जाण्याआधी चार वर्षं मीच तिला शिकवलं होतं. मी डागडुजीच्या खोलीत गेले तेव्हा ती उठून माझ्या गळ्यातच पडली. काय चाललंय विचारलं, तर म्हणाली, पंधरा दिवस नुसतं कोरडं काम, रबराने धूळ पुसतेय. मी मान डोलावली. वजनाच्या फळीखालचे टिपकागद मात्र नव्याने लहरलेले होते. कोरड्या कामात टिपकागद लहरत नाहीत.

संध्याकाळपर्यंत विभागातल्या माणसांनी चार हजार शीटं मोजली. सगळी आपापल्या जागी होती. एकही जास्त नव्हतं. एकेचाळीस नंबर इमारतीबाहेर गेलं नव्हतं आणि इमारतीत कुठेही नव्हतं.

साहेबांनी मला विचारलं, काही लागलं का हाती? मी म्हटलं, लागतंय. हिरवी रेघ पाहिल्यावर आता मला ते हवेच होते, शीट त्यांनी नेलेलं असो वा नसो.

४

बुधवारी सकाळी व्हरांड्यातल्या बाकावर एक बाई बसलेल्या दिसल्या. वस्तीवरच्या शाळेच्या शिक्षिका. कागद नेणार ग्रंथालयच, पण त्यांना घरी बसवेना. मला बघून उठल्या आणि विचारलं, कागद नीट आहे ना मावशी? नव्वद वर्षं जपलात, आता एक दिवस.

त्यांना कुणी काही सांगितलंच नव्हतं.

मी गप्प राहिले तर साहेब जाणार हे पक्कं होतं. त्यांच्याबरोबर बासष्ट घरं जाणार हेही तितकंच पक्कं. मी आत गेले, काचवाल्याला हाक मारली आणि भिंग पुन्हा हातात घेतलं.

माझा हिशेब साधा होता. टिपकागद लहरले म्हणजे कुणीतरी काहीतरी ओलं चिकटवलं. एक जास्तीचं शीट कुठेच सापडत नाही, म्हणजे ते दुसऱ्या शीटच्या पाठीला अस्तर होऊन बसलंय. जुन्या नकाशांना अस्तर लावतातच, कोण बघतंय? आणि ज्याने लपवलं त्याच्या हातून एक गोष्ट टळणं शक्य नव्हतं. खळ लावली की कागद पाणी पितो आणि वाढतो. वाळला तरी पुरता मागे येत नाही.

एकेचाळीस नंबर झाकू शकतील अशी त्याच मोजणीची साठ शीटं होती. काचवाल्याने पडद्यावरून जुनं माप वाचायचं, मी पोलादी पट्टीने कागद मोजायचा. पहिली सोळा जशीच्या तशी निघाली. काचवाला जांभया द्यायला लागला.

सतरा नंबरचं शीट अडीच मिलिमीटर जास्त भरलं.

५

सतरा नंबर मी डागडुजीच्या टेबलावर उपडं घातलं. पाठीला साधं पांढरं अस्तर दिसत होतं. त्याच्याखाली आणखी एक थर बोटाला लागत होता. मी ओलं फडकं पिळलं आणि विचार करत राहिले की कुठून उचलावं. चुकीच्या कोपऱ्यातून उचललं तर नव्वद वर्षांचा कागद पापुद्र्यासारखा सुटणार.

चिमटी माझ्या पाठीशी येऊन उभी होती. मला कळलं नव्हतं.

"उजव्या कोपऱ्यातून सुरू करा, मावशी," ती म्हणाली. "तिथे खळ कमी लावलीय."

मी मागे वळून पाहिलं नाही. दोन हलक्या ओढी मीच तिला शिकवल्या होत्या. पाण्याने सुटेल अशीच खळ लावायची, हेही मीच शिकवलं होतं. चोरी करतानासुद्धा पोरीने माझा एक नियम मोडला नव्हता.

आम्ही दोघींनी मिळून शीट सोडवलं. बोलणं तेवढ्यात झालं. हिरवी रेघ पाहून ती साहेबांकडे गेली होती. त्यांनी जुनी मढी उकरू नकोस म्हणून दटावलं, आणि वर विचारलं, तुझ्या पिशवीत काय काय असतं ग? त्या दिवशीच तिने ठरवलं की हा माणूस शीट हरवल्याचा आळ येऊनच जायला पाहिजे, जशा तुम्ही गेलात तसाच. पुढची तारीख मिळणार नाही हे तिला सोमवारी कळलं होतं.

मी विचारलं, मग सोमवारी का बोलली नाहीस? व्हरांड्यात ती बाई बसलीय.

"बोलणार होते," ती म्हणाली. "मग साहेब समोरून गेले, शीळ घालत."

मीही कालचा दिवस भिंग खाली ठेवून काढला होता.

शीट टिपकागदात ठेवलं तोवर साहेब आत आले. एकेचाळीस नंबर पाहून त्यांच्या जिवात जीव आला आणि लगेच चेहरा कडक झाला. कोण, म्हणाले. चिमटी म्हणाली, मी. ते दाराकडे वळले तसं मी किनारपट्टीच्या नकाशाचं नाव घेतलं, आणि काचेखाली शाई कशी दिसते ते सांगितलं.

साहेब परत फिरले. स्टूल ओढून बसले. मग समजुतीच्या सुरात म्हणाले की शीट चुकून दुसऱ्या खणात गेलं होतं, ते सापडलं. कुणाचं नाव नको. तिचंही नको, माझंही नको.

"मावशी, ऐकू नका यांचं," चिमटी म्हणाली.

तिचं वय चौतीस. तिच्या घरी कमावणारी ती एकटी. मी हो म्हटलं. अकरा वर्षं जपलेलं उट्टं त्या पोरीवरून ओवाळून टाकलं आणि हात पुसले.

६

गुरुवारी अकराला शीट आयोगापुढच्या टेबलावर पसरलं. शिक्षिकाबाई पहिल्या रांगेत होत्या. मी आणि चिमटी मागे. काचवाला पडद्याच्या यंत्राजवळ. साहेबांनी उभं राहून ग्रंथालयाच्या परंपरेवर चार वाक्यं सांगितली.

खाणवाल्यांच्या वकिलाने मोजणीदारांना इशारा केला. मोजणीदारांनी खिशातून पट्टी काढली आणि पडद्यावरचं माप विचारून घेतलं.

तेव्हा माझ्या तोंडचं पाणी पळालं. ज्या पट्टीने मी चोर धरला, तीच आता उलटणार होती. सतरा नंबर वाढलं, तर त्याच्या पाठीला चिकटलेलं एकेचाळीस नंबर कसं वाढणार नाही? ते तर दोनदा भिजलं होतं. तेवीस वर्षं हे काम केलं आणि ऐन वेळी, त्या पोरीच्या काळजीत, मला हे सुचलं नव्हतं.

मोजणीदार म्हणाले, आडवं तीन मिलिमीटर जास्त, उभं एक.

वकील उठला. हे ते शीटच नव्हे, म्हणाला, अस्सल हरवलं म्हणून या लोकांनी नवं बनवून आणलंय. शिक्षिकाबाईंनी मागे वळून आमच्याकडे पाहिलं. आयोगाच्या अध्यक्षांनी साहेबांना विचारलं की याचा खुलासा काय. साहेब म्हणाले, शीट चुकून दुसऱ्या खणात गेलं होतं.

"खणात ठेवून कागद वाढतो का?" अध्यक्षांनी विचारलं.

साहेब माझ्याकडे बघायला लागले. अकरा वर्षांत पहिल्यांदा सरळ डोळ्यांत. मी त्यांना तसंच बघू दिलं. खरं सांगायचं तर मला घाई नव्हती. पण बोलायचं म्हणजे पोरीचं नाव घ्यायचं, आणि तेवढं धाडस अजून गोळा होत नव्हतं.

माझ्या शेजारची खुर्ची सरकली.

"कागद मी भिजवला," चिमटी म्हणाली.

तिने सगळं सांगितलं, पायरीपायरीने, कामाचं टिपण वाचावं तसं. कोरा कागद कसा कापला, खळ किती पातळ केली, सतरा नंबर का निवडलं. अध्यक्षांनी विचारलं, का केलंत? ती म्हणाली, कारण सांगते, पण ते पडद्यावर बघावं लागेल.

साहेब म्हणाले, त्याचा इथे काय संबंध? अध्यक्ष म्हणाले, शीट का भिजलं हे कळल्याशिवाय शीट खरं की खोटं ते मला ठरवता येणार नाही. काचवाल्याने कुणी सांगायची वाट पाहिली नाही. समोरच्या भिंतीवर किनारपट्टीचा कापलेला कोपरा आला आणि मोठा मोठा होत गेला. हिरवी रेघ मनगटाएवढी जाड झाली. साहेबांनी त्या सकाळी शीट सुपूर्द केल्याच्या कागदावर सही केली होती आणि तो कागद अध्यक्षांच्या हाताखालीच होता. त्यांनी तो उचलून भिंतीशेजारी धरला.

मग मी उठले. म्हटलं, तेव्हा ज्या बाईची पिशवी उलटी केली ती मी. आणि कागद पाण्याने कसा वाढतो ते यांनी सांगावं, माझं कशाला ऐकता.

मी मोजणीदारांकडे बोट केलं. वकील त्यांना खुणा करत होता. मोजणीदार खाली वाकले आणि अर्धा तास मोजत राहिले, घर ते विहीर, विहीर ते शाळा, शाळा ते नदी. पडद्यावरून आकडे मागत गेले. शेवटी पट्टी खिशात घातली.

"पाणी प्यालेला कागद आडवा जास्त वाढतो, उभा कमी," ते म्हणाले. "इथलं प्रत्येक अंतर त्याच प्रमाणात वाढलंय. असं हाताने बनवता येत नाही. शीट तेच आहे." वकिलाकडे वळून म्हणाले, "आता घ्या दुसरा मोजणीदार."

बासष्ट घरं कागदावर मान्य झाली. शिक्षिकाबाई टेबलावर वाकून एक चौकोन शोधत होत्या. सापडला तेव्हा बोट न टेकवता त्यावर नुसतं धरून राहिल्या.

साहेबांना त्याच दिवशी किल्ल्या द्याव्या लागल्या. चिमटीलाही कामावरून उतरवलं. दुसरं काय होणार होतं, राष्ट्राच्या ठेव्याला हात लावला होता तिने.

आम्ही दोघी ग्रंथालयाच्या पायऱ्यांवर बसलो. साहेब आमच्या शेजारून उतरून गेले, काखेत कागदांचा गठ्ठा धरून. खालच्या दारावरच्या माणसाने त्यांना थांबवलं आणि तो गठ्ठा एकेक कागद करून बघितला. आम्ही शेवटच्या कागदापर्यंत बसून राहिलो.

"झालं का समाधान, मावशी?" तिने विचारलं.

मी म्हटलं, झालं. तिची नोकरी गेल्याचं मला वाईट वाटायला हवं होतं. वाटलंही, पण ते दुसऱ्या दिवशी.